विनोदबिहारी मुखर्जी : कागदातील चित्ररचना

१९५६-५७ च्या सुमारास विनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी कायमची गेली. मोतीबिंदूवर केलेली शस्त्रक्रिया यशस्वी झाली नाही, आणि पन्नाशी नुकतीच ओलांडलेला, आधुनिक भारतीय भित्तिचित्राच्या इतिहासात ज्याचे स्थान तोवर निश्चित झालेले होते असा हा चित्रकार पूर्णतः अंध झाला. त्यानंतर थोड्याच अवधीत त्यांनी हाती कात्री घेतली आणि रंगीत कागदांचे आकार कापून, ते एकमेकांवर चिकटवून चित्रे रचावयास आरंभ केला.

या कागदी चित्रांविषयी आजवर जे लिहिले गेले त्यात दोन सूर प्रामुख्याने ऐकू येतात. पहिला सूर करुणेचा : डोळे गेले तरी कलावंत हरला नाही, नियतीवर त्याने मात केली, इत्यादी. दुसरा सूर तुलनेचा : युरोपात आंरी मातीस यांनी उतारवयात जे केले तेच विनोदबिहारींनी बंगालमध्ये केले. दोहोंत तथ्यांश नाही असे नाही. परंतु करुणेने भारावलेला प्रेक्षक चित्र पाहतच नाही, तो चित्रामागचा माणूस पाहतो. आणि तुलनेने समाधान पावलेला अभ्यासक नावे जुळवून मोकळा होतो. मूळ प्रश्न तसाच राहतो. ज्याला कागदाचा पृष्ठभाग दिसत नाही, त्याला त्यावरील मांडणी योग्य झाली की नाही हे कशावरून कळत होते? चित्ररचना म्हणून जे काही आहे ते डोळ्यांचे ज्ञान आहे, की डोळे हे त्याचे केवळ एक द्वार आहे? या प्रश्नाचे उत्तर त्या कागदांतच आहे. मात्र ते वाचता यावयाचे तर विनोदबिहारींचे आयुष्य आरंभापासून पाहावे लागते; कारण त्या कागदांची पूर्वतयारी चाळीस वर्षे आधी सुरू झालेली होती.

कलकत्त्याजवळील बेहाला येथे ७ फेब्रुवारी १९०४ रोजी त्यांचा जन्म झाला. एक डोळा जन्मतःच निकामी आणि दुसऱ्या डोळ्याची दृष्टी अत्यंत अधू, अशा अवस्थेत ते वाढले. कुटुंब मोठे व सुशिक्षित होते. थोरले बंधू बनबिहारी हे डॉक्टर आणि उपरोधिक लेखन करणारे साहित्यिक. ‘बनफूल’ या नावाने लिहिणाऱ्या बलाइचाँद मुखोपाध्याय यांच्या ‘अग्नीश्वर’ या कादंबरीतील मानी, फटकळ डॉक्टर त्यांच्यावरूनच घडविला आहे. अशा घरात पुस्तकांना वाण नव्हती, परंतु डोळ्यांमुळे विनोदबिहारींचे शालेय शिक्षण मात्र धड होऊ शकले नाही. १९१७ साली त्यांना शांतिनिकेतनच्या आश्रमशाळेत पाठविण्यात आले. जी शाळा परीक्षेवर उभी नव्हती अशा शाळेतच या मुलाचा निभाव लागू शकत होता.

१९१९ मध्ये कलाभवन सुरू झाले आणि विनोदबिहारी त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक झाले. नंदलाल बसू यांना प्रारंभी त्यांना घेण्याविषयी शंका होती, हे सर्वश्रुत आहे. ज्याला नीट दिसत नाही त्याने चित्रकार होण्याचा हट्ट धरावा कशासाठी, ही शंका कोणत्याही शिक्षकाला यावी अशीच होती. निर्णय रवींद्रनाथांनी दिला. मुलगा मन लावून बसत असेल आणि त्याला गोडी असेल तर त्याला बसू द्यावे, भविष्याची चिंता आताच करू नये, असा त्या निर्णयाचा आशय होता. विसाव्या शतकातील भारतीय कलाशिक्षणाचा इतिहास लिहिताना मोठमोठ्या जाहीरनाम्यांचा उल्लेख होतो. या लहानशा परवानगीचा उल्लेख त्यांच्या बरोबरीने व्हावयास हवा, असे मला वाटते.

नंदलालांच्या हाताखाली देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेली मुले शिकत होती. त्यांत आपले विनायकराव मासोजीही होते. प्लास्टरच्या पुतळ्यांवरून छायाप्रकाश गिरविण्याची जी पद्धत मुंबईच्या आणि कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळांत रूढ होती ती येथे नव्हती. झाड पाहावे, त्याची वाढ कोणत्या दिशेने होते ते लक्षात घ्यावे, मग खोलीत येऊन आठवणीतून काढावे, असा क्रम होता. याचा परिणाम असा की, विद्यार्थ्याला वस्तूच्या वरवरच्या रूपापेक्षा तिच्या अंगभूत बांध्याकडे लक्ष द्यावे लागे. विनोदबिहारींसारख्या अधू दृष्टीच्या मुलाला ही पद्धत वरदान ठरली. समोरची वस्तू त्यांना एरवीही पुरती दिसत नव्हती. ती लक्षात ठेवणे हाच त्यांचा पाहण्याचा मार्ग होता.

आणि चालणे. बीरभूमची भूमी तांबड्या मुरमाची. पावसाने चिरत गेलेल्या तिच्या घळींना तिकडे ‘खोआई’ म्हणतात. ज्याने कोकणातील जांभ्याचे सडे पाहिले आहेत त्याला तो रंग ओळखीचा वाटेल, परंतु खोआईत उठावाचे असे काही नाही : दूरवर पसरलेली उघडी जमीन, मधूनच एखादा ताड, एखादी वाट. विनोदबिहारींनी ही भूमी पुनःपुन्हा चितारली. या चित्रांत दूरचे आणि जवळचे यांतील फरक पाश्चात्त्य यथादर्शनाप्रमाणे लहानमोठ्या आकारांनी दाखविलेला नाही. ज्याचा एकच डोळा काम करतो आणि तोही वस्तू अगदी समीप आल्याशिवाय नीट काम करीत नाही, त्याच्या लेखी अंतर म्हणजे पावले. एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत चालत जावे लागते. तेवढा काळ, तेवढी रिकामी जागा. लांब गुंडाळीचित्रांकडे ते इतक्या लवकर वळले त्याचे कारण येथेच असावे. १९२४ साली, म्हणजे विसाव्या वर्षी, त्यांनी शांतिनिकेतनच्या परिसराचे जे गुंडाळीचित्र केले ते सुमारे चव्वेचाळीस फूट लांबीचे आहे आणि रुंदीला मात्र काही इंचच. २०२३ मध्ये ते कलकत्त्यात प्रदर्शित झाले. अशी गुंडाळी एका दृष्टिक्षेपात कुणालाही दिसत नाही. डोळस प्रेक्षकालाही ती हातभर उलगडावी आणि हातभर गुंडाळावी लागते. येथे संपूर्ण चित्र केवळ स्मरणात असते. चित्रकार आणि प्रेक्षक या बाबतीत एका पातळीवर येतात.

तौलनिक साहित्याचा अभ्यासक म्हणून येथे एका शब्दाकडे लक्ष वेधण्याचा मोह आवरत नाही. पुढे १९७९ मध्ये विनोदबिहारींच्या बंगाली लेखनाचा जो संग्रह निघाला त्याचे नाव ‘चित्रकर’. आपण मराठीत ज्याला चित्रकार म्हणतो तोच अर्थ त्यात आहे; पण बंगालीत ‘चित्रकर’ हे पट रंगवून, ते उलगडत गावोगाव गाणी म्हणणाऱ्या पटुआंचे आडनावही आहे. आपल्याकडे पिंगुळीच्या चित्रकथींची जी परंपरा आहे तिचे हे बंगाली आप्त. फरक इतकाच की, चित्रकथीच्या पोथीत सुटी पाने एकामागून एक दाखवितात, तर पटुआ एकसंध पट हळूहळू उघडतो. आपल्या आत्मकथनाला हे नाव देताना हा दुसरा अर्थ लेखकाच्या कानांत नसेल असे मानणे कठीण आहे.

१९२५ मध्ये ते कलाभवनातच शिक्षक झाले. तेथील ग्रंथालयाची व्यवस्थाही त्यांनी पाहिली. पुढील दशकात ते जपानला जाऊन आले. तेथे सोतात्सूसारख्या जुन्या चित्रकारांच्या कृती त्यांनी जवळून अभ्यासिल्या. जपानहून त्यांनी शैली आणली असे म्हणण्यापेक्षा एक खात्री आणली असे म्हणणे अधिक योग्य होईल. सोनेरी पडद्यावर मोजकेच सपाट आकार ठेवले असता मधला न रंगविलेला भाग हा पार्श्वभाग न राहता चित्राचा स्वतंत्र घटक होतो, ही गोष्ट खोआईने त्यांना आधीच शिकविली होती. सोतात्सूने तिला दुजोरा दिला.

यानंतर भित्तिचित्रे. १९४० मध्ये कलाभवनाच्या विद्यार्थी-निवासाच्या छतावर त्यांनी बीरभूमच्या खेड्याचे चित्र रंगविले. मध्यभागी तळे आणि त्याभोवती चारी दिशांना पसरलेली झाडे, गुरे, माणसे. खाली उभे राहून पाहणाऱ्याला या चित्राची कोणतीही एक बाजू ‘वरची’ ठरविता येत नाही. पाहणारा वळतो तसे चित्र वळते. त्याच वर्षी सत्यजित राय नावाचा तरुण कलाभवनात दाखल झालेला होता. १९४२ मध्ये चीनभवनातील भिंतींवर आश्रमाचे दैनंदिन जीवन आले. आणि मग १९४६-४७ मध्ये हिंदीभवनाच्या तीन भिंतींवरील मध्ययुगीन संतांचे ते विख्यात चित्र.

या चित्रापाशी थोडे थांबावयास हवे, कारण कागदी चित्रांचे रहस्य माझ्या मते येथे दडलेले आहे. काळ आणि स्थळ लक्षात घ्यावे. देश फाळणीच्या उंबरठ्यावर. हिंदीभवनात हजारीप्रसाद द्विवेदी कबीराचा नवा शोध घेऊन बसलेले. त्याच आश्रमात क्षितिमोहन सेन यांनी संतवाणीच्या संग्रहात आयुष्य वेचलेले. विनोदबिहारींनी संतांची चरित्रे रंगविली नाहीत. रामानुज, कबीर, सूरदास, तुलसीदास, गुरू गोविंदसिंह हे सारे एका अखंड जनप्रवाहात दिसतात. नदी वाहावी तशी माणसे भिंतीवरून वाहतात आणि त्यांच्यातूनच एखादी आकृती किंचित उंच होऊन संत होते. पंचाहत्तर फुटांहून अधिक लांबीचे हे चित्र त्यांनी ओल्या गिलाव्यावर रंगविले. या पद्धतीत दररोज तेवढाच गिलावा लावतात जेवढा त्या दिवशी रंगविता येईल. एकदा रंग मुरला की दुरुस्ती नाही. सामान्यतः चित्रकार पूर्ण मापाचे रेखाटन आधी कागदावर करून ते भिंतीवर उतरवितो. विनोदबिहारींनी तसे केले नाही. आणि हा मनुष्य असा की, परांचीवर बसल्यावर त्याला डोळ्यांपुढचा वीतभर भाग काय तो दिसे. मागे सरून सगळी भिंत न्याहाळणे, ज्याच्यावाचून कोणत्याही कलाशाळेत संयोजनाचा पाठ सुरू होत नाही, ते त्यांना शक्यच नव्हते.

म्हणजे डोळे शाबूत असतानाही, संपूर्ण चित्र पाहून त्याची रचना ठरविणे हे विनोदबिहारींच्या वाट्याला आलेले नव्हते. त्यांनी रचना केली ती संबंधांच्या आधाराने. ही उभी आकृती मागच्या आकृतीपासून किती अंतरावर. हा खांदा त्या खांद्याला कोठे झाकतो. तीन उभ्या आकृत्यांनंतर एक वाकलेली केव्हा यावी. लयीचे गणित ज्याच्या अंगात मुरले आहे असा कीर्तनकार अभंगाचा कोणता चरण कितीदा घोळवावा हे ऐनवेळी ठरवितो, त्याच जातीचे हे ज्ञान आहे. साहाय्यकांत लीला मनसुखानी होत्या, ज्यांच्याशी १९४४ मध्ये त्यांचा विवाह झालेला होता, आणि केरळहून आलेले तरुण विद्यार्थी के. जी. सुब्रमण्यन होते. या दोघांनी पुढे स्वतंत्र रीतीने हे ज्ञान वाढविले. भित्तिचित्रात सूरदासही आहेत, याचा उल्लेख भाष्यकार हटकून करतात. दहा वर्षांनी जो अंध होणार त्याने अंध कवी रंगविला हा योगायोग मनाला चटका लावतो खरा, पण त्यावर भविष्यकथनाचे इमले उभारण्याचे कारण नाही.

१९४९ मध्ये त्यांनी कलाभवन सोडले. नेपाळ सरकारच्या काठमांडू येथील संग्रहालयाचे प्रमुख म्हणून ते काही काळ राहिले. त्याच वर्षी मुंबईत त्यांची कन्या मृणालिनी जन्मली, जी पुढे गाठी मारलेल्या तागाच्या प्रचंड शिल्पांसाठी प्रसिद्ध झाली. नंतर राजस्थानात वनस्थली विद्यापीठात अध्यापन, १९५२ मध्ये मसुरीला पतिपत्नींनी काढलेली कलाशाळा, आर्थिक ओढाताण. दृष्टी या काळात झपाट्याने उतरत होती. मग ती शस्त्रक्रिया.

आता कागदाकडे वळू. कागद चिकटवून चित्र करणे ही बंगालमध्ये सर्वस्वी नवी गोष्ट नव्हती. अवनींद्रनाथ ठाकुरांनी वृद्धपणी रामायणावर ‘खुद्दुर जात्रा’ नावाचे एक अफलातून हस्तलिखित केले होते. त्यात वर्तमानपत्रांतील जाहिराती, छापील चित्रे यांचे तुकडे मजकुराच्या शेजारी चिकटवून त्यांनी सारी कथा आपल्या काळात ओढून आणली. पॅरिसमध्ये पिकासो व ब्राक यांनी १९१२ मध्ये चित्रांत कागद चिकटविले तेव्हाही वर्तमानपत्राचा कागद हा वर्तमानपत्राचा कागद म्हणूनच वावरत होता. या दोन्ही ठिकाणी तुकडा आपल्याबरोबर आपला पूर्वार्थ घेऊन येतो. गंमत किंवा विसंगती निर्माण होते ती त्यामुळे. विनोदबिहारींच्या चित्रांत कागदाला असा पूर्वार्थ नाही. तो मुका आहे. त्याच्याजवळ कड आहे, पृष्ठ आहे, जाडी आहे आणि रंग आहे, बस्स.

यांपैकी पहिल्या तीन गोष्टी बोटांना कळतात. कागद दुमडला की घडीची रेघ उमटते. ती अंध माणसाला ओळंब्यासारखी उपयोगी पडते, कारण तिच्यावरून मध्य कळतो आणि झुकाव किती तेही कळते. कात्री चालविताना डाव्या हाताची बोटे कडेवरून पुढे सरकत असतात, तेव्हा वळण कोठे मंद आहे आणि कोठे तीव्र हे समजते. कापलेला आकार मूळ कागदावर ठेवला की त्याच्या कडेपासून कागदाच्या कडेपर्यंतची मोकळी जागा चार बोटे आहे की दोन, हे मोजता येते. आणि एक तुकडा दुसऱ्यावर चढला की तेथे सूक्ष्म पायरी तयार होते. पुढे काय आणि मागे काय, हे यथादर्शनाने नव्हे तर त्या पायरीने ठरते. गुडघ्यापुढे हात आहे, हातापुढे फळ आहे, हे बोट फिरवून वाचता येते. आपल्या शाळांतून कातरकाम आणि चिकटकाम ही लहान मुलांची करमणूक मानतात आणि वरच्या वर्गात ‘खरी’ चित्रकला सुरू होते. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांतून मुले समतोल, पुनरावृत्ती, लय हे शब्द पाठ करतात. हे शब्द ज्या गोष्टींना उद्देशून आहेत त्या गोष्टी मुलांच्या बोटांखालून आधीच जाऊन चुकलेल्या असतात, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

विनोदबिहारींना या तत्त्वांची पुन्हा तोंडओळख करून घ्यावी लागली असे म्हणण्यात काही वावगे नाही. माहीत असलेली गोष्ट नव्या इंद्रियाच्या स्वाधीन करणे हे शिकणेच होय. भिंतीवर त्यांची रेघ वाहती होती; कागदात रेघ नाहीच, आहे ती दोन पृष्ठांची सीमा. भिंतीवर शेकडो माणसे होती; कागदात बहुधा एखादीच व्यक्ती : पहुडलेला पुरुष, फळ घेतलेली स्त्री, नेहमीच्या उठण्याबसण्यातील देह. हा संकोच असहायतेमुळे झाला असे वरवर वाटेल. पण तुकडे जितके कमी तितका प्रत्येक तुकड्यावरचा भार अधिक, हे ज्याने एकदा तरी चार रंगीत कागद मांडून पाहिले आहेत त्याला सांगावे लागणार नाही. पंचाहत्तर फुटांत एखादे अंतर चुकले तर पुढचे अंतर त्याला सावरून घेते. हातभर कागदावर सावरून घेणारे कुणी नसते. या चित्रांतील देह जड आहेत, बसले तर खरोखर बसलेले आहेत, आणि तरीही सर्वत्र एक प्रकारची खेळकरता आहे, जी त्यांच्या पूर्वीच्या काहीशा अलिप्त चित्रांत मला क्वचितच आढळते.

राहिला रंग. रंग बोटांना कळत नाही. तो त्यांना विचारून घ्यावा लागे. कोणीतरी कागद हाती द्यावयाचा आणि हा कोणता ते सांगावयाचे. म्हणजे रंग त्यांच्यापर्यंत पोचत होता तो शब्द म्हणून, आणि त्या शब्दाला आतून प्रतिसाद देत होती ती चाळीस वर्षांची रंगस्मृती. ‘तांबडा’ हा शब्द ऐकल्यावर तो किती आकाराचा असावा, कोणत्या निळ्याशेजारी तो उसळेल आणि कोणत्या तपकिरीशेजारी बसून राहील, हे त्यांना मनातच पाहावयाचे होते. साहित्याच्या अभ्यासकाला ही स्थिती अपरिचित वाटू नये. वाचकही काही न पाहता शब्दांवरून रंग उभा करतो. मात्र वाचकाची चूक पकडली जात नाही. विनोदबिहारींचा अंदाज प्रत्येक वेळी प्रत्यक्ष कागदावर कसाला लागत होता, आणि निकाल त्यांच्याखेरीज इतर सर्वांना दिसत होता.

मातीस यांच्याशी तुलना करावयाची ती या मुद्द्यावर. १९४१ मधील मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मातीस यांना चित्रफलकासमोर उभे राहणे अवघड झाले. साहाय्यकांकडून त्यांना हव्या त्या रंगाने कागद रंगवून घेऊन ते कापीत, तुकडे भिंतीवर टाचण्यांनी लावीत, पलंगावरून किंवा चाकांच्या खुर्चीवरून दिवस-दिवस न्याहाळीत, हलवीत. १९४७ च्या ‘जाझ’पासून ही चित्रे जगासमोर आली. तेथे हात थकला होता पण दृष्टी तल्लख होती, आणि चित्राची अखेरची परीक्षा दुरूनच होत होती. विनोदबिहारींजवळ हे ‘दुरून’ मुळीच नव्हते. एकाने रेषा आणि रंग यांचे जुने भांडण कात्रीने मिटविले. दुसऱ्याने जे अगोदर पावलांनी आणि नंतर परांचीवर वीत-वीत सरकत जाणले होते ते कागदाच्या पायऱ्यांत उतरविले. साधन एक आहे. त्यामागचे प्रश्न अगदी वेगळे आहेत.

१९५८ मध्ये ते कलाभवनात परतले आणि कलेचा इतिहास शिकवू लागले. ज्या चित्रांविषयी ते बोलत ती त्यांना दिसत नव्हती. विद्यार्थ्यांना दिसत होती. स्मरणातून काढलेल्या चित्राचे वर्णन आणि समोरची छापील प्रतिकृती यांचा मेळ घालीत पाहावयाचे, हा पाहण्याचा मोठा कसदार सराव म्हणावयास हवा. ‘आधुनिक शिल्पशिक्षा’ हे त्यांचे पुस्तक कलाशिक्षणासंबंधी आहे. बंगालीत ‘शिल्प’ म्हणजे कला, मूर्तिकाम नव्हे, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवावे. त्यांच्या अध्यापनाचे फळ मात्र पुस्तकापेक्षा शिष्यांत अधिक दिसते. सुब्रमण्यन यांनी १९६३ मध्ये लखनौच्या रवींद्रालयाच्या भिंतीवर भाजलेल्या मातीच्या असंख्य सुट्या घटकांतून जे भित्तिशिल्प रचले त्यात एकेक घटक शेजाऱ्याच्या आधाराने अर्थ घेतो. हिंदीभवनाची भिंत आणि गुरूंचे कागद या दोहोंशी त्याचे नाते आहे. ही दृष्टी त्यांनी बडोद्याच्या कलाविभागात नेली आणि तेथून ती पश्चिम भारतातील पुढच्या पिढीत पसरली.

१९७२ मध्ये विनोदबिहारींनी कलाभवनाच्या एका भिंतीवर रंगीत चिनीमातीच्या फरश्यांचे चित्र रचले. यातील सपाट, ठसठशीत कडांच्या आकृत्या पाहिल्या की त्या कागदाच्या घरातून आलेल्या आहेत हे लगेच कळते. त्याच वर्षी सत्यजित राय यांनी आपल्या या जुन्या शिक्षकांवर ‘द इनर आय’ हा सुमारे वीस मिनिटांचा अनुबोधपट केला. अत्यंत संयमित असा हा पट आहे. परंतु त्याच्या नावाने एक अनर्थ झाला. अंतश्चक्षू, दिव्यदृष्टी अशा शब्दांची जी रीघ पुढे लागली तिच्यात बोटे, कात्री, डिंक ही सगळी खटपट लोपून गेली. विनोदबिहारींचे स्वतःचे गद्य याच्या नेमके उलट आहे. ‘चित्रकर’मधील ‘कत्तामशाय’ या कथनात अंध माणसाचे जग आले आहे. स्पर्श, आवाज, वस्तू हाती न लागल्याची चीड, इतरांच्या दयेचा कंटाळा हे सारे तेथे कोरड्या विनोदाने, जवळजवळ हिशेब मांडावा तसे सांगितले आहे. मराठीत याचे संपूर्ण भाषांतर व्हावयास हवे. सुब्रमण्यन यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतरात मूळच्या बोलीतील खोच सगळीच उतरते असे नाही.

१९७४ मध्ये पद्मविभूषण आणि १९७७ मध्ये विश्वभारतीची देशिकोत्तम ही पदवी, असे सन्मान आले. ११ नोव्हेंबर १९८० रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. २००६-०७ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात गुलाममोहम्मद शेख आणि आर. शिवकुमार यांनी त्यांच्या समग्र कार्याचे प्रदर्शन मांडले, आणि २०१७ मध्ये अथेन्स व कासेल येथील ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनात त्यांच्या कृती परदेशी प्रेक्षकांसमोर गेल्या.

ही कागदी चित्रे पुस्तकांत छापली जातात तेव्हा त्यांचे एक अंग नाहीसे होते. छायाचित्रकार प्रकाश समोरून व सारखा टाकतो. त्यामुळे तुकड्यांच्या कडांना पडणारी बारीक सावली पुसली जाते आणि सारे चित्र एका पातळीवर रंगविल्यासारखे भासते. संग्रहालयात मूळ चित्रासमोर उभे राहण्याची संधी मिळाल्यास किंचित बाजूला सरून, कागदाच्या पातळीशी नजर जुळवून पाहावे. तेथून रंग फिके पडतात, आकृती ओळखू येईनाशी होते, पण कोणता तुकडा आधी लावला आणि कोणता नंतर, याचा क्रम स्पष्ट दिसू लागतो.